चार ट्रॅकांचा गजर

४ जानेवारी, शनिवार

आज एक अनर्थ टळला. मी घरी होतो म्हणून.

आमच्या बिल्डिंगमध्ये तीन बायकांचं भजन मंडळ आहे. सातेरी महिला भजन मंडळ, बोरिवली. माझी बायको जयंती गाते आणि पेटी वाजवते. दुसऱ्या मजल्यावरच्या सोनूबाई झांज वाजवतात. वय सत्तर, मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, पन्नास वर्षं मुंबईत काढून मालवणीशिवाय बोलत नाहीत. चौथ्या मजल्यावरची शीतल बँकेत आहे, ती पखवाज. एक मार्चला दहिसरला कोकणी भजनांचा मोठा कार्यक्रम आहे. फक्त दहा मंडळं, निवड व्हिडिओवरून, येतील तशी, शेवटची तारीख ३१ जानेवारी. सोसायटीच्या गणपतीबाहेर ह्या तिघींना आजवर कोणी बोलावलेलं नाही. जयंती दोन दिवस नीट जेवलेली नाही.

दुपारी झोपून उठतो तो काय, शीतलचा मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून तिघी शूटिंग करून मोकळ्या. एकच टेक. डोक्यावर पंखा चालू. मी विचारलं, हे पाठवणार? शीतल म्हणाली, हो काका, मस्त झालंय. मी हसलो. मस्त.

अंधेरीच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं आहे. सप्टेंबरात ती नोकरी मी स्वतःहून सोडली. वाईट माल पुढे जाऊ द्यायचा नाही हे रक्तातच आहे. शिवाय १९९४ साली सोसायटीच्या गणपतीत मिक्सर मी सांभाळला होता. तेव्हाचे लोक अजून नाव काढत असतील.

सांगून टाकलं, हे रद्द. प्रत्येकीला वेगळा माईक, वेगळा ट्रॅक, मग मिक्सिंग, मग व्हिडिओशी जुळवणी. प्रोफेशनल. जयंती काहीतरी बोलणार होती, माझ्याकडे बघत राहिली, मग बरं म्हणाली.

दहा दिवसांत काम संपवतो. ही वही प्रॉडक्शन लॉग म्हणून ठेवत आहे.

६ जानेवारी, सोमवार

सामान आलं. इंटरफेस म्हणजे माईकच्या वायरी कॉम्प्युटरला जोडायचा डबा, चार माईक, चार स्टँड, हेडफोन. किंमत जयंतीला अर्धी सांगितली, तरी तिने डोळे मोठे केले.

लिफ्टमध्ये शीतलचा नवरा निहार भेटला. गोरेगावला डबिंग स्टुडिओत साउंडवर आहे. न विचारता म्हणाला, काका, तिघींना एकत्र बसवा, समोर एक-दोन माईक लावा, पंखा बंद करा, झालं. पगारी माणसाकडून दुसरी अपेक्षा नाही. दिवसाला दहा मालिका कापणाऱ्याला आवाजाची काय पर्वा. थँक्यू म्हटलं आणि तिसऱ्या मजल्यालाच उतरलो. आम्ही पाचव्यावर राहतो.

८ जानेवारी, बुधवार, सकाळ

सेटअपचं मॅन्युअल वाचलं. मूर्ख माणसांनी मूर्खांसाठी लिहिलेलं. चार पानांवर सोडलं.

पद्धत ठरवली. कोणी कोणाबरोबर वाजवायचं नाही. सगळ्यांच्या हेडफोनमध्ये एकसारखी टकटक वाजेल, तिला क्लिक म्हणतात. त्या टकटकीवर आधी पखवाज, मग पेटी, मग झांज, शेवटी गाणं. चारही ट्रॅक शुद्ध. एकाचा आवाज दुसऱ्यात शिरायला नको. आपल्या लोकांना घोळक्याची सवय, म्हणून आपल्या रेकॉर्डिंगला घोळक्याचा वास येतो.

गाण्यासाठी जागा शोधली. बेडरूमचं कपाट. साड्यांमध्ये आवाज घुमत नाही, हे शास्त्र आहे. जयंतीला आत उभं राहावं लागेल. तिला सांगितलं. ती म्हणाली, दार बंद करणार का? मी म्हटलं, अर्धं.

११ जानेवारी, शनिवार

पहिलं सेशन. चार वाजता बोलावलं, पाच वाजता सुरू. पहिला तास सोनूबाईंच्या बांगड्यांत गेला.

झांजेच्या ट्रॅकवर बांगड्या येत होत्या. मी शांतपणे म्हटलं, बांगड्या काढून ठेवा. सोनूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच मागितलं. म्हणाल्या, माझो घोव जितो आसा, बांगड्यो कित्याक काढू? घोव म्हणजे नवरा, धाकू आजोबा. ते खाली बाकावर बसलेले असतात, जिवंत आहेत हे मलाही मान्य आहे. पण ध्वनिमुद्रणाचा आणि त्यांचा संबंध काय? शीतल आणि जयंतीनेही काढायला नकार दिला. एकजूट अशाच ठिकाणी दाखवतात.

तोडगा मी काढला. माझे मोजे. पुढून कापले आणि तिघींच्या मनगटांवर बांगड्यांवरून चढवले. आवाज शून्य. सोनूबाई म्हणाल्या, काय रे झिला, माका मॅच खेळाक पाठवतंस? मी छप्पन्न वर्षांचा आहे. मला झिला, म्हणजे पोरा, म्हणू नका हे त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं.

पखवाज आणि पेटी झाली. तीन जोड मोजे गेले, पण उरलेल्यांवर भागेल.

१२ जानेवारी, रविवार

पेटी पखवाजाच्या मागून येते. प्रत्येक वेळी चिमूटभर मागून. जयंतीला सांगितलं, तुझा हात जड पडतो. ती म्हणाली, मला हेडफोनमध्येच उशिरा ऐकू येत होतं. अंगण वाकडं म्हणणारे असेच असतात.

संध्याकाळी वाचनात आलं की इंटरफेसचं एक सेटिंग चुकलं तर वाजवणाऱ्याला उशिरा ऐकू येतं. सेटिंग बदललं. जयंतीला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. आजपासून जयंतीचं हळदीकुंकू सुरू. रोज संध्याकाळी सहा ते आठ. तेवढीच मला शांतता. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देतात, आणि त्यासाठी बायका नटून जातात. एक समाज म्हणून आपण कुठे चाललो आहोत.

कंपनीचे अजून फोन येतात, परत या म्हणून. जेवताना जयंतीला सांगितलं. तिने भात वाढला.

१८ जानेवारी, शनिवार

दुसरं सेशन. झांज.

तिघी जो गजर म्हणतात, म्हणजे हे चढत्या लयीचं भजन, तो सोनूबाईंच्या आईकडून आलेला आहे. कुठे छापलेला नाही. सुरुवात संथ, मग हळूहळू चढत जातो, शेवटी एवढा वेगात की बघणाऱ्याला धाप लागावी. म्हणजे बेशिस्त. मी क्लिक एकाच वेगाची ठेवली आहे. वेग म्हणजे वेग. घड्याळ काय उत्साहाने पुढे जातं का?

सोनूबाईंनी हेडफोन लावले, एक मिनिट ऐकलं, काढले. विचारलं, ह्यो टकटक करणारो कोण? ह्येका भजन येता काय? मी म्हटलं, हा कॉम्प्युटर आहे. त्या म्हणाल्या, मगे ह्येका आधी शिकवा. शीतल पखवाजावर डोकं टेकवून हसत होती. हिच्या हातात लोकांचे पैसे असतात.

अकरा टेक झाले. दर वेळी तिसऱ्या मिनिटाला बाई क्लिकला सोडून पुढे. विचारलं तर म्हणतात, शीतलच्या खांद्याकडे बघून वाजवते, खांदा हलला की कळतं. शीतलचा पखवाज गेल्या शनिवारीच झालेला. ती ह्या वेळी सोफ्यावर बसून चिवडा खात होती. म्हणजे त्या चिवडा खाणाऱ्या खांद्यावर वाजवत होत्या.

२० जानेवारी, सोमवार

झांजेचा ट्रॅक कापून क्लिकवर बसवत आहे. एकेक ठोका. आतापर्यंत एकशे ऐंशी तुकडे. माणसाने केलेली घाण माणसालाच निस्तरावी लागते.

जयंती दुपारी फोनवर कोणाशी तरी बोलली आणि स्वयंपाकघरात एकटीच गुणगुणत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही. गोडाचा शिरा केला होता. सोमवारी शिरा का, हे विचारायचं राहिलं.

२३ जानेवारी, गुरुवार

जयंतीचं गाणं रेकॉर्ड केलं. कपाटात. पहिल्या कडव्यानंतर डांबरगोळीच्या वासाने खोकला. डांबरगोळ्या काढल्या. दुसऱ्या कडव्यानंतर म्हणाली, समोर कोणी नसलं की कोणासाठी गातोय तेच कळत नाही. मी म्हटलं, माईकसाठी.

सगळे ट्रॅक एकत्र लावले. गाणं पेटीच्या दीड सूर वर आणि भलत्याच घाईत. लहान मुलगी गाते आहे असं वाटतं. जयंती बेसूर गात नाही, एवढं मी तिचा नवरा असूनही मान्य करतो. म्हणजे पेटी उतरली असणार. पेटीवाल्याला फोन करून झापला. तो म्हणाला, पेटी अशी रात्रीत दीड सूर उतरत नाही साहेब. ह्या लोकांना स्वतःची चूक कधी दिसत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्डिंगचं एक माप असतं, ४४.१ किंवा ४८. पेटी एका मापात झाली, गाणं दुसऱ्यात. कोणीतरी बदललं असणार. घरात कॉम्प्युटरला हात लावणारा मीच आहे, त्यामुळे ह्याचा तपास करण्यात अर्थ नाही.

गाणं पुन्हा घ्यावं लागेल. जयंतीला सांगितलं की तिच्या भावात काहीतरी कमी होतं. ती पुन्हा कपाटात गेली. दार तिने स्वतःच अर्धं ओढून घेतलं.

२५ जानेवारी, शनिवार

व्हिडिओ शूट. माझ्या मोबाईलवर, स्टँडवर. तिघींनी तयार ऑडिओवर फक्त तोंड हलवायचं आणि वाजवल्यासारखं करायचं. नट वर्षानुवर्षं करत आहेत. सोप्पं आहे.

सोनूबाईंना वाजवल्यासारखं करता येत नाही. झांज हातात आली की वाजते. जयंती ऑडिओत जिथे तान घेते तिथे आज तिने घेतलीच नाही, आणि नाही तिथे घेतली. म्हणाली, ती त्या दिवशी आली होती, आज दुसरी येतेय. शिस्त नावाची गोष्ट ह्या कलेत कधी शिरलीच नाही. बरं झालं मी आलो.

चौदा टेक. चहा दोन वेळा. शीतलने सहा वेळा घड्याळ पाहिलं, मी मोजलं.

२६ जानेवारी, रविवार

खाली झेंडावंदन. सेक्रेटरी अंबादास राणे सगळ्यांसमोर मोठ्याने, काय परुळेकर, सध्या काय? पाच महिने हा प्रश्न चुकवतो आहे. दुपारी दोनला लिफ्ट वापरतो, भाजी दुसऱ्या गल्लीतून आणतो.  इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे.

आज पहिल्यांदा उत्तर होतं. म्हटलं, ऑडिओ. मल्टिट्रॅक प्रॉडक्शन. राणे म्हणाला, अरे वा, म्हणजे लाउडस्पीकर? अडाणी माणूस. तरी घरी येताना जिना चढून आलो, पाच मजले, आणि दम लागला नाही.

व्हिडिओच्या शेवटी नाव कसं द्यायचं ते ठरवलं. ध्वनिमुद्रण, संकलन आणि ध्वनिसंयोजन, तिन्ही ओळी स्वतंत्र. दहिसरच्या लोकांनी हे नाव वाचलं की पुढची कामं आपोआप येतील. दहाही मंडळं येतील. हॉल अपुरा पडेल, तेव्हा बघू.

२९ जानेवारी, बुधवार

ऑडिओ आणि व्हिडिओ जुळवायची जगभर एकच पद्धत आहे. शूटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवायची. व्हिडिओत हात दिसतात, ऑडिओत आवाजाची उंच रेघ दिसते, दोन्ही एकाखाली एक ठेवले की झालं.

मी प्रत्येक टेकला टाळी वाजवायला सांगितली होती. तिघींनी वाजवली. त्यानंतर सात मिनिटं हात मोकळे झाले की वाजवतच राहिल्या, कारण भजन आहे. आता माझ्यासमोर चौदा टेकमध्ये मिळून अंदाजे तीन हजार टाळ्या आहेत आणि त्यांतली माझी कुठली ते कळत नाही.

सकाळपासून सत्तर टाळ्या जुळवून पाहिल्या. एकदा बरोबर वाटलं. जयंतीचे ओठ मिटलेले आणि आवाज सोनूबाईंच्या तोंडून.

३१ जानेवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. सकाळी सुरुवात जुळली. दुसऱ्या मिनिटाला ओठ मागे, पाचव्या मिनिटाला इतके मागे की जयंती जणू स्वतःच्याच गाण्याला मागून साथ देते आहे. सुरुवात हलवली की शेवट हलतो, शेवट धरला की सुरुवात सुटते. दुपारी दोनपर्यंत जेवलो नाही.  जयंतीची पहिली संधी माझ्यामुळे जाणार, हे डोक्यातून जाईना.

तीनला जयंती बाहेरून आली आणि म्हणाली, अहो, मुदत वाढली. पंधरा फेब्रुवारी.

मला आश्चर्य वाटलं नाही. बरणीला टेकवलेले व्हिडिओ बघून आयोजक वैतागले असणार. दर्जासाठी थांबायची तयारी असलेली माणसं आहेत म्हणायची. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

ओठ मागे का पडतात त्याचं कारण सापडलं. मोबाईलचा कॅमेरा एकसारख्या वेगाने शूट करत नाही, उजेड कमी झाला की आळशीपणा करतो. म्हणजे मी सोडून सगळेच दोषी, कॅमेरासुद्धा.

व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावून पाहिला. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर एक गोष्ट लक्षात आली नव्हती. तिघींच्या मनगटांवर माझे मोजे आहेत. राखाडी, त्यातला एक तपकिरी. नऊवारी, नथ, गजरा आणि मोजे. तीन शनिवार ह्या बायका ते घालून बसल्या आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. काय म्हणावं अशा लोकांना.

पुन्हा शूट करावं लागेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोज्यांशिवाय शूट. ह्या वेळी सोनूबाई वेगळीच साडी नेसून आल्या, शीतलने केस कापलेले. जुन्या टेकचं आता काही वापरता येणार नाही. मी म्हटलं, कंटिन्युइटी नावाची गोष्ट असते. शीतल म्हणाली, काका, केस वाढेपर्यंत थांबता येईल का? हा उद्धटपणा आहे. जयंतीने तिला डोळ्यांनी गप्प केलं, ते मी पाहिलं. घरात माझ्या कामाची किंमत निदान एकीला आहे.

त्या दोघी गेल्यावर जयंती म्हणाली, मुदत पुन्हा वाढली म्हणे. वीस तारीख. माझा अंदाज खरा ठरतो आहे. कोणाचंच काही धड आलेलं नसणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जयंती आजही हळदीकुंकवाला. दोन तास निवांत मिळाले. यंदा फारच हळदीकुंकू आहे. असो, आपल्याला शांतता मिळते ना.

झांजेचे तुकडे आता चारशे बारा. ऐकलं तर शिवणयंत्रासारखं वाजतं. पण बरोबर वाजतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

नवी कल्पना सुचली. पूर्णपणे माझी. तिघींना एकाच खोलीत बसवायचं, एकदम वाजवू द्यायचं, क्लिक नाही, प्रत्येकीसमोर तिचा माईक, आणि व्हिडिओ त्याच वेळी. जगात हे कोणी करत असेल असं वाटत नाही. निहारला सांगायचं नाही, उचलेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नव्या पद्धतीने सेशन. मोजे पुन्हा चढवले, पण आता हिरव्या बांगड्यांच्या रंगाचे, मुद्दाम आणले. शूटच्या फ्रेममध्ये मनगट येणार नाही असा कॅमेरा लावला. पंखा बंद, सगळे दिवे चालू, म्हणजे कॅमेऱ्याचा आळस नको. रेकॉर्डिंग चालू केलं, टाळी घेतली, एकच टाळी, आणि नेमका त्याच क्षणी खाली पाण्याचा पंप सुरू.

मी तसाच खाली गेलो. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरीला विचारा. राणेंचं दार ठोठावलं. राणे म्हणाला, लाउडस्पीकरवाले, अहो पाणी नको का लोकांना? मी त्याला जे सांगायचं ते सांगितलं. पंप बंद झाला. म्हणजे टाकी भरली.

वर आलो, टेक घेतला. एकच. बरा वाटतो. सोमवारी जुळवतो आणि वीसच्या आत पाठवतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी तीन

जयंती बाजारात गेली आहे.

टाळी शोधायला प्रत्येक ट्रॅक वेगळा ऐकावा लागतो, बाकीचे बंद करून. मी पंपासाठी खाली गेलो तेव्हा रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. नऊ मिनिटं. जयंतीच्या माईकवर सगळं स्वच्छ आलं आहे.

आधी दार लागल्याचा आवाज. मग सोनूबाई म्हणतात, गो जयंती, अजून किती दिस ह्या मोज्यात हात घालूचे? शीतल म्हणते, बरणीवाला व्हिडिओ पाठवून सहा आठवडे झाले, वीस जानेवारीला निवड झाल्याचा फोन आला, आता दोन आठवड्यांवर कार्यक्रम आणि आपण शनिवारी खरा सराव सोडून इथे बसतो. रोज संध्याकाळी माझ्याकडे जमतो तेवढाच काय तो सराव. आणि रथसप्तमीला हळदीकुंकू संपलं, तू अजून तेच सांगून येतेस, काकांना कळत कसं नाही? तिघी हसल्या. जयंती कमी हसली.

मग जयंती म्हणाली, अजून एकच शनिवार, माझ्यासाठी या. सप्टेंबरात कंपनीने ह्यांना काढलं तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दाढीसुद्धा करत नव्हते. मला भीती वाटायची, मी बाजारात गेले की मध्येच परत यायचे. आता शनिवारी सातला उठतात, दाढी करतात, वायरी काढून बसतात. कसंही असू दे, ओरडू देत आपल्यावर. मी कसं सांगू गं, की गरज नाही म्हणून?

सोनूबाई म्हणाल्या, नको सांगू. मी येतंय. मोजे घालून येतंय.

 मग पावलं, आणि माझा आवाज. चला, रेडी? जयंती म्हणाली, रेडी.

पुन्हा एकदा ऐकलं.

मी तिला सांगितलं होतं की सोडली. पाच महिने जेवताना सांगतो आहे की कंपनीचे फोन येतात. एकही आलेला नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ती भात वाढत राहिली. लाज वाटते आहे. ह्याला दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काही केलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारचा टेक जुळवला. टाळी पहिल्याच प्रयत्नात सापडली. सात मिनिटं दहा सेकंद, ओठ आणि आवाज शेवटपर्यंत बरोबर. शेवटी वेग चढतो तिथेही बरोबर. सोनूबाई शीतलच्या खांद्याकडेच बघतात, आणि खरंच कळतं त्यांना.

चांगलं गातात. हे आधी कोणी सांगितलं असतं तर.

शेवटी नावांच्या तीन ओळी होत्या. काढल्या. फाइल सेव्ह केली. पाठवायला कुठे जागा नाही.

जयंतीने विचारलं, झालं का, आज वीस तारीख. म्हटलं, राहिलं थोडं. ती म्हणाली, असू दे, अजून वाढवतील. तिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. पंचवीस वर्षांत कधी बघितले नव्हते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिघी चारला जमल्या. सोनूबाईंनी मोजे पिशवीतून आणले होते, धुऊन, घडी करून. मी म्हटलं, इंटरफेस बिघडला आहे, आज काही रेकॉर्ड होणार नाही, आलाच आहात तर नुसतं म्हणा. मोजे नकोत. इंटरफेस बिघडलेला नाही.

त्या हॉलमध्ये जमिनीवर गोल बसल्या. मी आत चहा ठेवला. सोनूबाईंना बिनसाखरेचा लागतो, हे मला शीतलला विचारावं लागलं. गजर तीन वेळा झाला, तिन्ही वेळा वेगळा. बांगड्या वाजत होत्या. तिसऱ्या वेळी शेवटाला सोनूबाई उठून उभ्या राहिल्या आणि चहा उतू गेला. मी बघत राहिलो होतो.

त्या गेल्यावर जयंती ओटा पुसायला आली. पाठ करून पुसता पुसता म्हणाली, अहो, सांगायचं राहिलं, निवड झाली आपली. आयोजकांनी कसलासा जुनाच व्हिडिओ बघून घेतलं म्हणे. एक तारखेला आहे. कान लाल. मी म्हटलं, बरं झालं, तुमचा हक्कच होता. तिने विचारलं, याल ना? पेटी उचलायला माणूस हवा, शीतलच्या नवऱ्याची पाठ धरली आहे.

म्हटलं, येतो. सकाळी दाढी करून तयार राहतो, तू मध्येच परत येऊन बघू नकोस.

तिचं फडकं थांबलं.  मग आत जाऊन कपाट उघडलं आणि माझा पांढरा शर्ट काढून इस्त्री करायला बसली. कार्यक्रमाला अजून सात दिवस आहेत.